पृथ्वीचा चार्ज

भुरकुंडटोल्याच्या सरकारी शाळेत भागाकार कधी पोचलाच नव्हता.

त्याच्यावर कोणाचा राग होता असं नाही. पुस्तकात तो होता, पान एकसष्टवर, चित्रासकट. पण एकसष्टाव्या पानापर्यंत टिकणारा गुरुजी सरकारकडे नव्हता. गुरुजी यायचे, पहिल्या धड्यापासून सुरुवात करायचे, बेरजेत त्यांचं मन रमायचं, वजाबाकीत त्यांना घर आठवायला लागायचं, आणि गुणाकार अर्ध्यावर आला की बदलीची ऑर्डर यायची. मग नवे गुरुजी. पोरं कुठवर आली आहेत हे विचारायची रीत नव्हती. आधीच्या माणसानं काही शिकवलं असेल असं मानणं नव्या माणसाला कमीपणाचं वाटायचं. पुन्हा पहिला धडा.

पोरांचा पहिला धडा त्यामुळे फार पक्का होता. पाचवीतली कमला तो शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणायची, आणि म्हणता म्हणता दोरीवरच्या उड्याही मारायची.

राज्यं बदलली तेव्हापासून हे चाललं होतं. छप्पन्न साली राजधानीचं नागपूर तिकडे, नदीपलीकडच्या राज्यात गेलं, नवी राजधानी म्हणून भोपाळ इकडे आलं, आणि जुने मराठी गुरुजी एकेक करून बाघ नदी ओलांडून भंडारा जिल्ह्यात निघून गेले. त्यांच्या जागी सरकारनं लांबलांबून माणसं पाठवली. भिंडहून आलेल्या एका गुरुजींनी सकाळी शाळा ताब्यात घेतली, दुपारी भात जेवले, संध्याकाळी ताटात पुन्हा भात दिसला तेव्हा आजारपणाची रजा टाकून गेले. ते अजून आजारीच आहेत. रीव्याचे एक गुरुजी ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत आले. बांध्यांमधलं पाणी बघून त्यांना वाटलं पूर आलाय, म्हणून ते पूर ओसरेपर्यंत गोंदियाला जाऊन बसले. धान कापून झालं तरी परतले नाहीत.

भागाकारावाचून गावाचं काही अडलं होतं असंही नाही. भैयालाल पटेल आणि त्यांचे तीन भाऊ एकाच चुलीवर जेवत. परगावचे लोक म्हणत, काय एकी आहे. एकी वगैरे काही नव्हती. सदतीस एकर जमीन चौघांत कशी बसवायची हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि पटवाऱ्याला विचारावं तर तो पाचवा वाटेकरी होईल अशी चौघांना भीती होती. म्हणून ते वीस वर्षं गुण्यागोविंदानं भांडत होते.

अडलं होतं फक्त महागूचं.

महागू शाळेचा चपराशी. रेल्वेच्या रुळाचा तुकडा आंब्याला टांगलेला होता, तो वाजवायचा, पाणी भरायचं, आणि गुरुजींची ट्रंक डोक्यावर घेऊन त्यांना बसपर्यंत सोडायचं, ही त्याची कामं. जाणारी ट्रंक आणि येणारी ट्रंक एकाच फेरीत व्हायची, म्हणून त्याला हे काम जड वाटत नसे. कमला त्याची मुलगी. ती पहिलीत बसल्यापासून त्यानं अकरा ट्रंका नेल्या होत्या.

आता कमला पाचवीत होती. एप्रिलात किरनापूरला परीक्षा होती आणि त्या परीक्षेत भागाकाराची तीन गणितं असतातच, हे महागूनं स्वतः किरनापूरच्या चपराशाकडून काढून आणलं होतं. कमलाच्या मामानं बालाघाटहून निरोप दिला होता की पोरगी पास झाली तर माझ्या घरी राहून पुढं शिकू दे. नापास झाली तर मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फडावर, आणि फडावरून लौकरच कुठल्यातरी सासरी. दुर्गाबाईनं, म्हणजे महागूच्या बायकोनं, हे दोन्ही रस्ते नवऱ्याला सरळ शब्दांत सांगून ठेवले होते.

महागूला स्वतःला सहीपुरतं लिहिता येत होतं. पण त्यानं पान एकसष्ट उघडून पाहिलं होतं. अर्ध्या उघड्या दारासारखं एक चिन्ह होतं आणि दाराच्या आत एक मोठा आकडा बसला होता. आपली पोरगी त्या दारातून आत गेली पाहिजे, एवढं त्याला कळलं.

त्या वर्षी जुलैत प्रेमलाल गुरुजी आले. रामपायलीचे, वयानं कोवळे. उन्हाळ्यात लग्न झालेलं आणि बायको रामपायलीलाच. संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे ते शिकवत. सकाळी शिकवत, दुपारी शिकवत, दिवेलागणीपर्यंत शिकवत. दिवाळीला वजाबाकी संपली. संक्रांतीला गुणाकार संपला, अर्धा नव्हे, अख्खा. त्या दिवशी भैयालाल पटेल मुद्दाम शाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि फळ्याकडे बघून गेले.

आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्डर आली. प्रेमलाल गुरुजींची बदली रामपायलीला, त्यांच्याच अर्जावरून. येणार कोण, तर बैहरकडचे तेजराम गुरुजी.

प्रेमलाल गुरुजींनी ऑर्डर वाचली, डोळे मिटून रामपायलीच्या रामाला हात जोडले, आणि मग येणाऱ्याचं नाव वाचून त्यांचे हात खाली आले. महागू तिथंच पाणी ओतत होता. गुरुजी त्याला म्हणाले, "तेजराम गुरुजी येऊन राह्यले. ते खिळेबी मोजून घेतेत म्हंतेत. महागू, समदं सामान झाडून पुसून ठेव बाप्पा."

महागूनं पाणी ओतणं थांबवलं नाही, पण घडा कधीच भरून वाहत होता.

चार्जचा नियम त्याला पाठ होता. जाणाऱ्यानं येणाऱ्याला शाळा मोजून द्यायची. एका रजिस्टरात शाळेची प्रत्येक वस्तू लिहिलेली. येणाऱ्यानं वस्तू बघायची आणि खाली लिहायचं, 'मिळाले'. तेवढं लिहिल्याशिवाय जाणारा सुटत नाही. आजवरच्या गुरुजींनी वस्तू न बघताच उभ्याउभ्या सह्या केल्या होत्या. जाणाऱ्याला जायची घाई, आणि येणाऱ्यालाही, कारण त्यालाही पुढं कधीतरी जायचंच असे. पण खिळे मोजणारा माणूस असेल, आणि एखादा खिळा नसेल, तर?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. महागूनं शाळा झाडायला घेतली आणि एकेक वस्तू पारखली. रूळ त्याच्याच ताब्यात होता, तो गेला तर त्यालाच विचारणार. खुर्ची गेली तर गुरुजी बसणार कशावर. नकाशा भिंतीला चिकटलेला होता आणि त्यात राजधानी अजून नागपूरच होती, तो कोण चोरणार. उरला कपाटावरचा पृथ्वीचा गोल. पत्र्याचा, निळा, प्रशांत महासागरात एक पोचा. तो फिरायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्याच्यावाचून कोणाचं काही थांबलं नव्हतं.

त्यानं गोल स्टँडवरून उपटला, टोपल्यात ठेवला, वर धोतर टाकलं आणि भर दुपारी डोक्यावर घेऊन निघाला. वाटेत गोदाबाई भेटली, शेजारीण. नवरा नाही, एक मुलगी चौथीत. काय नेऊन राह्यले, असं तिनं विचारलं. महागू म्हणाला, कोहळं. पुढं पटेलांच्या धाकट्या भावानं विचारलं. कोहळं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं. कोहळं. घरी पोचेपर्यंत त्यानं इतक्या लोकांना कोहळं सांगितलं होतं, की आता ते कोहळ्यांतच ठेवणं भाग होतं. त्यानं गोलाला शेण, गेरू आणि चुना फासला, आणि शिडी लावून छपरावरच्या वेलात, चार खऱ्या कोहळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवला. स्टँड दुर्गाबाईला दिला. तिनं काहीच विचारलं नाही. त्यावर माठ छान बसला.

तेजराम गुरुजी सोमवारी आले. छत्री, ट्रंक, आणि कानावर पेन्सिल. पाणीसुद्धा न पिता त्यांनी रजिस्टर मागितलं. खुर्ची मोजली, तिचे पाय वेगळे मोजले. रुळावर टिचकी मारून पाहिली. आणि मग बोट एका ओळीवर थांबलं: पृथ्वीचा गोल, एक, स्टँडसह.

कपाटावर गोलाचं फक्त धुळीतलं वर्तुळ होतं.

प्रेमलाल गुरुजींनी कपाट हलवलं, पेटी उलटी केली, पोरांची दप्तरं झाडली. दोन तासांनी ते घामाघूम होऊन म्हणाले, तुम्ही सही करा, मी रामपायलीहून दुसरा गोल पाठवतो, रामाची शपथ.

तेजराम गुरुजींनी त्यांना शांतपणे आपली हकिगत सांगितली. मागच्या शाळेत त्यांनी दोन बकेटी लिहिल्या होत्या तिथं सही केली. बकेट एकच निघाली. "एका बकेटीसाठी म्या चार साल जवाब लिवले गुरुजी. हे त पुरी पृथ्वी हाय."

त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. सही झाली नाही. प्रेमलाल गुरुजी सुटले नाहीत. तेजराम गुरुजींना बैहरहून मोकळं केलेलं, त्यामुळे ते परतही जाऊ शकत नव्हते आणि इथं हजरही होऊ शकत नव्हते. त्यांनी व्हरांड्यात ट्रंक ठेवली, तिच्यावर बसले, आणि तिथंच राहिले. ज्या शाळेत एक गुरुजी टिकत नव्हता तिथं आता दोन होते, आणि दोघांनाही हलता येत नव्हतं.

महागूला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही. पण त्यानं तेजराम गुरुजींना पाणी देताना एक गोष्ट विचारून घेतली: चार्ज मिळाला की गुरुजी कुठून शिकवणार? गुरुजी म्हणाले, पहिल्या धड्यापासून. मागच्यानं शिकवलेलं रजिस्टरात लिहिलेलं नाही, तेव्हा त्याची जबाबदारी मी घेत नाही.

म्हणजे एप्रिलपर्यंत पृथ्वी खाली आणायची नाही, हे ठरलं.

प्रेमलाल गुरुजींनी रडत रडत भागाकार सुरू केला. भुरकुंडटोल्याच्या इतिहासातला पहिला भागाकार, आणि शिकवणाऱ्याचं लक्ष रामपायलीकडे. त्यांनी अठ्ठेचाळीस भागिले चार मांडलं आणि उत्तर तेरा काढलं. व्हरांड्यातून तेजराम गुरुजींना ते राहवलं नाही. नियमानं ते शिकवू शकत नव्हते, पण खिडकीतून हटकायला नियम आड येत नव्हता. त्यांनी बारा म्हटलं. आतून प्रेमलाल गुरुजींनी आपली रीत सांगितली. बाहेरून तेजराम गुरुजींनी आपली सांगितली. आवाज चढले. त्या दिवसापासून पोरं प्रत्येक भागाकार दोनदा शिकू लागली, एकदा फळ्यावरून आणि एकदा खिडकीतून.

फेब्रुवारीत ललिताबाई आल्या.

त्याचं कारण सरळ होतं. वरच्या ऑफिसच्या कागदावर प्रेमलाल गुरुजी गेलेले होते आणि तेजराम गुरुजी आलेले नव्हते. म्हणजे जागा रिकामी. रिकामी जागा दिसली की माणूस पाठवायचा, एवढं ऑफिसला नक्की ठाऊक होतं. ललिताबाई बालाघाटहून नव्याकोऱ्या ट्रेनिंग घेऊन आल्या, त्यांना चार्ज घ्यायचा होता, आणि चार्ज द्यायला जागेवर एक सोडून दोन माणसं होती, दोघंही देऊ न शकणारी. त्या गोदाबाईकडे उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी चिंचोके घेऊन शाळेत बसल्या. त्यांची भागाकाराची तिसरी रीत होती. चिंचोक्यांचे ढीग करायचे, आणि जे उरेल ती बाकी.

बाकी हे प्रकरण कमलाला काही केल्या पचत नव्हतं. सगळ्यांना सारखं वाटून झाल्यावर काहीतरी उरतं आणि ते कोणाचंच नसतं, हे तिला गैर वाटे. घरी येऊन ती बापाला म्हणाली, "बाबा, उरलेलं कोणाले द्याचं?"

"गुरुजी काय म्हंतेत?"

"एक गुरुजी म्हंते बाजूले लिव. दुसरे म्हंते सही करून लिव. बाई म्हंते अजून बारीक कर."

महागूनं तिला बाईंचं ऐकायला सांगितलं.

इकडे वेल वाळला. माघात एक दिवस अवकाळी पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी महागूनं वर पाहिलं तर एका कोहळ्याला निळा डाग होता, हिंदी महासागराएवढा. तो भर सकाळी शेण घेऊन छपरावर चढला. खालून गोदाबाईनं विचारलं, छपरावर काहून सारवून राह्यले भाऊ? तो म्हणाला, गळते. ती हौ म्हणून निघून गेली. मग खरी चार कोहळी एकेक करून भाजीत गेली आणि छपरावर एकटा तो राहिला, ना पिकत होता ना सडत होता.

महागूला सुख नव्हतं. प्रेमलाल गुरुजी रोज बायकोला पत्र लिहीत आणि ते पेटीत टाकायला महागूकडेच देत. पाकीट हातात घेताना ते जड लागायचं. गुरुजी वाळत चालले होते. आता त्यांचा संशय माकडांवर होता. त्यांनी रामाला नारळ बोलला होता, मग पाच, मग एकवीस. एकदा दुर्गाबाई माठातून पाणी काढता काढता म्हणाली, "एका पोरीच्या भागाकारासाठी तुमी तीन मान्सं डांबून ठेवले." ती पुढं म्हणाली, "चौथं येईल त त्याले इंग्रजी येते का पाहा." तेव्हा त्याला थोडं बरं वाटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौथा माणूस आला, पण तो डिप्टीसाहेब होता. शाळा तपासणारा. एका खोलीच्या शाळेत तीन मास्तर आहेत आणि एकही हजर नाही, असा काहीतरी कागद त्यांच्यापर्यंत पोचला होता. जीप आंब्याखाली थांबली. साहेबांनी खुर्ची बाहेर मागवली, तेजराम गुरुजींनी तिचे पाय मोजून ती बाहेर जाऊ दिली, आणि चौकशी सुरू झाली.

साहेबांनी जुनं रजिस्टर चाळलं. त्यात एकावन्न साली एक हार्मोनियम 'वाळवीने खाल्ला' असं लिहून निकालात काढलेला होता. साहेब त्या ओळीकडे बराच वेळ आशेनं बघत राहिले. पण पृथ्वी पत्र्याची होती, ही अडचण होती. मग त्यांनी सगळ्यांना ओळीनं एकच प्रश्न विचारला: पृथ्वी शेवटची कधी पाहिली? प्रेमलाल गुरुजींनी रडून दाखवलं. तेजराम गुरुजींनी लेखी दिलं की आपण पृथ्वी कधी पाहिलेलीच नाही. महागूची पाळी आली तेव्हा त्याच्या पाठीमागं, दोनशे पावलांवर, त्याच्या घराचं छप्पर होतं आणि छपरावर ऊन पडलं होतं.

"मी चपराशी हाय साहेब," तो म्हणाला. "म्या त खालूनच पाहिली."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग पाचवीच्या पोरांना बोलावलं आणि कमलाला फळ्यावर गणित घातलं. तिनं ते प्रेमलाल गुरुजींच्या रीतीनं सोडवलं, शेजारी तेजराम गुरुजींच्या रीतीनं सोडवलं, आणि चिंचोके मागितले. पण दोन आकड्यांनी भागायचं गणित घातलं तेव्हा ती थांबली. ते अजून झालं नव्हतं.

साहेब खूष झाले, आणि खूष झाल्यामुळेच त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. उद्या सकाळी किरनापूरच्या शाळेतून एक गोल इथं येईल. तो चार्जात धरायचा. तेजराम गुरुजी हजर, प्रेमलाल गुरुजी मोकळे, बाई परत. मुलं हुशार आहेत, पहिल्यापासून पक्कं करून घ्या.

प्रेमलाल गुरुजी साहेबांच्या पाया पडले. महागूनं कमलाकडे पाहिलं. ती फळ्यावरचं अर्धं उघडं दार पुसत होती.

साहेबांना चहा हवा होता म्हणून महागूला दुधासाठी पिटाळलं. तो परतला तेव्हा चहावाचूनच जीप निघायच्या बेतात होती. साहेबांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून भैयालाल पटेलांनी वांगी, चिंच आणि एखादं कोहळं जीपमध्ये टाकायला सांगितलं होतं, आणि ते टाकून झालं होतं. जीप धूळ उडवत गेली. महागू दुधाचा तांब्या घेऊन घरी वळला, वर पाहिलं, आणि तांब्या तिथंच अंगणात ठेवला.

छप्पर मोकळं होतं.

त्यानं दुर्गाबाईला विचारलं. ती शेतावर होती, तिला माहीत नव्हतं. मग तो ओट्यावर बसून वाट बघू लागला. उद्या किरनापूरहून गोल येईल, परवा बालाघाटहून पोलीस. आधी काय येतं एवढंच बघायचं होतं. त्यानं नवं धोतर काढून ठेवलं, जाताना नेसायला.

दुसऱ्या दिवशी गोल आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोलीसही नाहीत. पाचव्या दिवशी एक कागद आला, तो तेजराम गुरुजींनी वाचून दाखवला: प्रकरण विचाराधीन आहे, पुढील आदेशापर्यंत स्थिती जैसे थे ठेवावी, आणि या विषयावर पुन्हा पत्रव्यवहार करू नये.

प्रेमलाल गुरुजींनी कागद दोनदा वाचला आणि दोन आकड्यांनी भागायचं शिकवायला घेतलं. महागूला काही कळेना, पण धोतर त्यानं परत घडी करून ठेवलं.

उलगडा एप्रिलात झाला. कमलाला परीक्षेला आत बसवून महागू किरनापूरच्या बसस्टँडवर चहा घेत होता, तिथं साहेबांचा जीपवाला भेटला. तो आपलंच दुःख सांगत होता. म्हणे, तुमच्या गावचं कोहळं साहेबांच्या बाईंनी विळीवर धरलं, तर टण्ण. विळी वाकली. साहेबांनी शेण खरवडलं, तर आतून ऑस्ट्रेलिया निघाला. ज्या पृथ्वीची चौकशी करायला साहेब गेले होते, ती त्यांच्याच जीपमधून, त्यांच्याच घरी, वांग्यांच्या शेजारी बसून आली होती. आता ती सापडली म्हणावं तर सापडली कुठं, हे लिहावं लागणार. सापडली नाही म्हणून दुसरी पाठवावी, तर कसून शोध घेतला अशी सही करावी लागणार, आणि घरात साहेबांची पोरं तिला लाथा मारून फिरवतायत. साहेबांनी फाइल बांधली आणि तिच्यावर दुसरी फाइल ठेवली. आणि राग काढला माझ्यावर, जीपवाला म्हणाला. महागूनं त्याला आपल्या चहातला अर्धा दिला.

पेपरात भागाकाराची तीन गणितं होतीच. कमलानं तिन्ही सोडवली. तिसऱ्यात बाकी उरत होती. ती तिनं बाजूला लिहिली आणि शेजारी सही केली. ती सही तपासणाऱ्यानं खोडली, पण मार्क कापले नाहीत.

कमला पास झाली. निकाल आला त्याच संध्याकाळी पटेलांचे चारी भाऊ तिच्यापुढं येऊन बसले. सदतीस भागिले चार. "नव एकर," ती म्हणाली, "अन् बाकी एक." त्या एका एकरावरून आठ दिवस मारामारी झाली, मग तिनं तो चिंचोक्यांच्या रीतीनं आणखी बारीक करून दिला. चार चुली झाल्या. भैयालाल पटेलांनी महागूशी बोलणं सोडलं. वीस वर्षांची एकी एका पोट्टीनं दोन ओळींत मोडली, असं ते पारावर सांगत. बाकीचे तीन भाऊ महागूला आंबे पाठवत.

मे महिन्यात वरून एक खोका आला. आत 'नवीन गोल, एक'. निळा रंग ताजा होता. प्रशांत महासागरात पोचा होता आणि आफ्रिकेवर विळीचा वार. तेजराम गुरुजींनी स्टँड कुठं आहे म्हणून विचारलं. महागूनं घरी जाऊन माठ खाली उतरवला. सही झाली. प्रेमलाल गुरुजी ट्रंक स्वतःच डोक्यावर घेऊन पळाले. ललिताबाई त्याच बसनं गेल्या. जुलैच्या पहिल्या तारखेला तेजराम गुरुजींनी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, आणि दहा तारखेला त्यांची ऑर्डर आली.

त्याच दिवशी महागूनं कमलाला बालाघाटच्या बसमध्ये बसवलं. तिची ट्रंक हलकी होती. परत येऊन तो ओट्यावर टेकला, तर कुडापलीकडून गोदाबाई म्हणाली, तिची पोरगी आता पाचवीत गेली.

"हौ," महागू म्हणाला.

"मंग औंदा काय झाकून ठेवता, महागू भाऊ?"

महागूनं काय झाकायचं असं विचारलं. गोदाबाई कुडाला रेलली. म्हणाली, पाऊस पडून गेल्यावर निळं पडणारं कोहळं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एकट्या तिनंच नाही, अर्ध्या गावानं नव्हतं पाहिलं. आपलीबी पोरं त्याच शाळेत जातात म्हणून कोणी बोललं नाही. नाहीतर पारावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तीळ तरी भिजतो का.

"जीपमंधी तुमी टाकलं?"

"मंग काय तुमी टाकणार होते? समद्याइच्या घरी शोधलं असतं साहेबानं, आपलं घर सोडून." तिनं ओले हात लुगड्याला पुसले. "रूळ त नोका झाकू, सकाळी उठाची सवय मोडते. बाकी तुमचं तुमी पाहा."

महागूनं छपराकडे पाहिलं. कुडाच्या मुळाशी नुकतं आळं केलं होतं, त्यातून दोन पानांचा कोंब वर आला होता. दुर्गाबाईनं त्याला काडी लावली होती.

"वेल त चढू द्या आधी," तो म्हणाला.